न हरवलेली शेळी

माझी आई बानूबाई कुणावर चटकन विश्वास ठेवायची नाही. दुकानातून आणलेली साखर घरी आली की पुन्हा मापानं मोजायची. एसटीत बसली की कंडक्टरनं दिलेलं तिकीट आमच्यापुढं धरायची आणि म्हणायची, "गावाचं नाव बरोबर घातलंय का बघ." तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती आधी दिपालीकडून वाचून घ्यायची आणि मग माझ्याकडून. दिपाली माझी थोरली बहीण. दोघींची उत्तरं जुळली की मगच तिकीट कनवटीला जायचं.

तिचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे. लहानपणी रोज संध्याकाळी त्यांनी कळप मोजला की आई परत मोजायची. पण लोकांविषयीचा तिचा संशय मेंढरांतून आलेला नव्हता, तो आमच्या मावशीच्या लग्नातून आला होता. म्हाळसामावशीला भीमेकाठच्या एका घरी दिली. घर बघितलं, जमीन बघितली, माणसं गोड बोलली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्या माणसाची पहिली बायको माहेराहून परत आली आणि चुलीपुढं जाऊन बसली. मावशी तिथंच राहिली, सवतीबरोबर जन्म काढला. आई तेव्हा बारा वर्षांची होती.

म्हणून १९९५ सालच्या फाल्गुनात दिपालीला बघायला पाहुणे आले आणि त्यांनी काहीच मागितलं नाही, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. आईला झाला नाही.

आम्ही वरकुट्याच्या बाहेर वस्तीवर राहत होतो. स्थळ डोंगरापलीकडच्या हिवरवस्तीचं होतं. मुलगा मल्हार बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात होता. त्याचे वडील गेणबा पागोटं सावरत म्हणाले, "आमाला देणंघेणं काय नको. पोरगी द्या, आन् पाडवा झाला की लगीन उरकून टाकू." मध्यस्थ सावळाराम आमच्या भावकीतलाच. त्यानंही मान डोलावली. माझे वडील दादासाहेब, म्हणजे आमचे अण्णा, सरळ माणूस. ते त्याच बैठकीत हो म्हणायला निघाले होते, पण आईनं आतून भांडं आपटलं. तो आवाज अण्णांना कळायचा. ते म्हणाले, "आठ दिवसांत कळवतो."

पाहुणे गेल्यावर आई उंबऱ्यात बसून राहिली. मग बोलायला लागली. "एमआयडीसीतली समदी पोरं मोटरसायकली उडवत्यात. हे पोरगं चुलतभावाच्या मागं बसून का आलं? आन् जेवला का न्हाय?"

"गुरुवारचा उपास हाय म्हणाला की," अण्णा म्हणाले.

"बाप तर मटकीवर ताव मारत व्हता. घरात एकट्या पोरालाच उपास?"

"आगं, असतो एकेकाला."

"मग साबुदाणा करू का म्हणलं, तर तेबी नको. काळजात काय तरी घेऊन बसलेलं पोरगं हाय ते. कुठंतरी पाणी मुरतंय."

त्या दिवसापासून तिचे तर्क सुरू झाले. त्याला फिट येत असेल. छातीचा आजार असेल. कुठं पोलिसांत नाव असेल. आणि सगळ्यात शेवटी, हळू आवाजात, तिला खरी भीती होती ती गोष्ट: त्याला आधीची बायको असेल. दिपाली हे सगळं ऐकायची, खाली मान घालून शेणकूट करायची आणि एक शब्द बोलायची नाही.

पुढच्या गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे मुलगा घरी सापडणार. आईनं पहाटे दोन भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधला, पाण्याची बाटली घेतली, कमरेला विळा खोचला. अण्णांना म्हणाली, "खंडोबाच्या डोंगराव जाऊन येती, नवस बोलली व्हती." मला मात्र गोठ्यामागं बोलावून खरं सांगितलं. मी सातवीत होते आणि माझ्या तोंडून गोष्ट बाहेर पडत नाही, एवढा एक भरवसा तिचा माझ्यावर होता. सडकेनं गेली असती तर दोन एसट्या बदलाव्या लागल्या असत्या आणि प्रत्येक फाट्यावर कुणी ना कुणी ओळखीचं भेटून तिच्याआधी निरोप पोचला असता. डोंगरातून अडीच-तीन तासांची वाट होती. तीन टेकड्या. लहानपणी मेंढरांमागं तिनं त्या पायाखाली घातल्या होत्या. कुणी विचारलं तर सांगायला एक गोष्टही तिनं ठरवून ठेवली होती: शेळी हरवलीय. काळी, एक कान पांढरा.

पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं, थोडं थोडं करून, कित्येक महिने.

पहिली टेकडी उघडीबोडकी होती. ती चढून गेल्यावर खाली झाडी लागली. वनखात्यानं लावलेली उंदीरमारीची झाडं पान न् पान गाळून गुलाबी फुलांनी भरली होती, मधूनच एखादा पळस लालभडक पेटलेला. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटत होती. ऊन अजून कोवळं होतं आणि वाळक्या पाल्यावर तिच्या वहाणांचा आवाज होत होता. तो आवाज तिला नको होता. वहाणा काढून तिनं हातात घेतल्या आणि काटे चुकवत चालायला लागली.

"ओ बाई! थांबा तितंच."

बाभळीखालून एक म्हातारा उठला. खाकी शर्ट, खाली धोतर, हातात काठी. वनखात्याच्या झाडीचा तो राखणदार होता, म्हस्कू नावाचा. त्याची नजर पहिल्यांदा विळ्यावर गेली.

"लाकूड तोडाया आला व्हय?"

"न्हाय तात्या. शेळी हुडकती. काळी हाय, एक कान पांढरा."

"कवा हरवली?"

"काल सांजच्याला."

म्हस्कूनं मान हलवली. आई चार पावलं पुढं गेली असेल, तर मागून आवाज आला. "बाई, शेळी हुडकणारी बाई हाका मारून डोंगर डोक्याव घेती. तुमी तर वहाणा हातात घेऊन चोरावानी चाललाय."

आईनं वहाणा घातल्या. मग त्याच्या देखत तिला हाक मारावी लागली. "ये काळेऽऽ! ये गं बायऽऽ!" टेकडीवरून आवाज फिरून परत आला. म्हस्कू काठीवर हनुवटी टेकून ऐकत उभा राहिला. आईनं आणखी दोनदा हाक मारली. जी शेळी आमच्या दावणीला कधी नव्हतीच, तिला बोलावताना तिचा घसा कोरडा पडला.

पण तेवढ्यात तिनं आपलं काम काढलं. "पलीकडं हिवरवस्तीची शेरडं हिकडं येत्यात का? त्यांच्यात मिसळली असंल."

"येत्यात. गेणबाची येत्यात."

"कसा माणूस हाय हो गेणबा? शेळी दडवून ठेवणारा न्हाय ना?"

"छ्या! त्यो कशाला दडवतोय. माणूस बरा हाय." म्हस्कू तंबाखू मळत म्हणाला. "पोराचं तेवढं वाईट झालं."

आई एक पाऊल जवळ आली. "काय झालं पोराचं?"

म्हस्कूचा अंगठा तळहातावर थांबला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "तुमाला शेळी पायजे का पोरगं?"

"आपलं इचारलं."

"तर मग शेळी हुडका. उन्हं चढायच्या आत माघारी फिरा. आन् झाडाला विळा लावू नका, मी हितंच हाय."

ती पुढं निघाली. थोड्या अंतरावर जाऊन, बाटली भरायच्या निमित्तानं ती परत त्याच्या पाण्याच्या डेऱ्यापाशी आली. पाणी ओतून घेता घेता सहज म्हणाली, "तात्या, पोराचं काय म्हणत व्हता तुमी?"

"मी काय म्हणलो का?" म्हस्कू म्हणाला.

दुसऱ्या टेकडीच्या उतारावर बहात्तरच्या दुष्काळात खणलेले चर होते. त्यातले काही आईनं स्वतः खणले होते. अंगात ताप असताना घमेली उचलली होती. आता ते मातीनं अर्धे बुजले होते आणि त्यांच्या कडेनं खैर आणि बोरी उगवल्या होत्या. तिनं तिथं बसून भाकरी सोडली, पण घास गिळवेना. पोराचं वाईट झालं. काय वाईट? बायको मेली? मारली? कुठंतरी झाडीत सुकी काटकी मोडली आणि तिला वाटलं, म्हातारा मागं मागं येतोय. तिनं वळून बघितलं. एक हरणी होती, तिच्याकडं टक लावून बघत उभी. दोघी क्षणभर तशाच राहिल्या. मग हरणी गेली आणि आईनं अर्धी भाकरी परत बांधली.

तिसरी टेकडी हिवरवस्तीच्या डोक्यावरच होती. तिथून खाली गेणबाचं घर दिसत होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं कांद्याचे वाफे, विहीर, शेळ्यांचा वाडा. आई एका हिवराच्या झाडाआड बसली आणि तासभर नुसती बघत राहिली.

आणि तिला हवं होतं ते दिसलं. विहिरीपाशी दगडावर हिरव्या लुगड्यातली एक तरणी बाई धुणं धूत होती. तिच्या पाठीमागं एक वर्षभराचं मूल रांगत होतं. मूल चिखलात गेलं तशी ती उठली, त्याला कमरेवर घेतलं आणि घरात गेली, आपल्याच घरात जावं तशी.

"मला घाम फुटला," आई सांगायची. "म्हणलं, झालं. म्हाळसाक्कासारखंच. तेच्यात आन् लेकराची भर."

तिथूनच माघारी फिरावं असं तिच्या मनात आलं. पण फिरून अण्णांना काय सांगणार? लांबून एक बाई बघितली म्हणून? तिला त्या बाईच्या तोंडून ऐकायचं होतं. ती उठली, पदर सारखा केला आणि "ये काळेऽऽ" करत थेट उतरली.

हिरव्या लुगड्यातली बाई दारात आली. "कोण पायजे मावशी?"

"शेळी हरवलीय गं बाय. काळी, कान पांढरा. हिकडं आली का बघाया आली."

"या, बसा की. केवढ्या उन्हाच्या आलाय." तिनं तांब्या आणून दिला. आई पाणी पिता पिता तिच्या गळ्यातलं डोरलं बघत होती, पायातली जोडवी बघत होती.

"तुजं घर का गं हे?"

"माजं माहेर. बाळाला घेऊन शिमग्याला आलीय, अजून ऱ्हायलीय." तिनं आत तोंड करून हाक मारली, "दादा! ए दादा! ह्या मावशीची शेळी हरवलीय, जरा बघतोस का?" मग आईकडं वळली. "आत्ताच जेवून उठलाय, बघंल हां तो."

बहीण होती ती. आईच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं, पण लगेच दुसरं चढलं. जेवून उठलाय. आज गुरुवार. म्हणजे उपास खोटा होता.

मल्हार बाहेर आला. खांद्यावरून टॉवेल सोडलेला, त्यात उजवा हात गुंडाळलेला, त्या दिवशी आमच्या घरी होता तसाच. त्यानं आईकडं बघितलं आणि एक क्षण थांबला. आईला वाटलं, यानं ओळखलं. आमच्या घरी ती दाराआड होती, पण निघताना पाया पडायला तो आत आला होता. त्यानं काहीच ओळख दाखवली नाही. "चला," एवढंच म्हणाला. "वर चर हायत तितं बघू."

दोघं टेकडी चढायला लागली. तो पुढं, ती मागं. तिनं हळूच विळ्यावर हात ठेवला. अनोळखी पोरगं, निर्जन झाडी, आणि तो शेळीला एक हाकही मारत नव्हता. वस्ती दिसेनाशी झाली तसा तो एका खैराखाली थांबला आणि वळला.

"मामी, शेळी न्हाय ना हरवली?"

आईची मूठ विळ्यावर आवळली.

"मला ठावं व्हतं कुणीतरी येणार. हे बघायला आलाय न्हवं?" आणि त्यानं टॉवेल सोडला.

उजव्या हाताची चारही बोटं नव्हती. नुसता अंगठा होता आणि त्याच्या शेजारी गुळगुळीत झालेली कातडी.

आईला हे माहीतच नव्हतं. तिच्या सगळ्या तर्कांत हे कुठंच नव्हतं. पण ते तिनं त्याला कळू दिलं नाही.

"कशानं झालं?"

"पत्रा कापायच्या मशीनमधी. दोन वर्सं झाली. आता मला गेटवर बसवलंय. डाव्या हातानं लिवायला शिकलो."

"आन् उपास?"

"चारचौघात डाव्या हातानं घास उचलाया लाज वाटती." तो पायाखालच्या पाल्याकडं बघत होता. "दोन जागी खरं सांगितलं, मामी. दोन्हीकडनं नकार आला. मग बाप म्हणला, आता लगीन लागूस्तर तोंड उघडायचं न्हाय."

आईनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, अंगठा दाबून बघितला, बाजारात शेरडाचे दात बघतात तसा.

"दुखतंय?"

"थंडीत."

"फिट येती का? दारू? आधीचं लगीन?"

"न्हाय मामी."

"शपथ घे."

त्यानं खंडोबाची शपथ घेतली. आईनं हात सोडला. मग ती एकदम चिडली. "फसवून पोरगी न्यायला निघाला व्हता तुमी! तुज्या बापाला लाज वाटली न्हाय? आन् तुला? माज्या पोरीला लग्नात कळलं असतं, तवा तिनं काय करायचं व्हतं?"

"तिला म्हाईत हाय," मल्हार म्हणाला.

"कुणाला?"

"दिपालीला. चा घेऊन आली तवा मी टॉवेल बाजूला केला. तिला तरी फसवायचं न्हाय असं मी ठरवलं व्हतं. तिनं बघितलं, आन् कप माज्या डाव्या हाताकडं फिरवला."

आई मला सांगायची, त्या दिवसाची खरी चढण तिथून पुढं होती. मघाशी ती लोकांच्या घरावर संशय घेत आली होती. आता तोच संशय पाठीवर घेऊन आपल्या घराकडं निघाली होती. जाताना तिनं मल्हारला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. चालता चालता तिला आठ दिवस एकेक करून आठवायला लागले. दिपालीचं गप्प बसणं. अण्णा हो म्हणायला निघाले तेव्हा तिचं दाराआडून डोकावणं. आणि एक दिवस भाकरी थापताना तिनं सहज विचारलेलं, "आई, डाव्या हातानं जेवलं तर देवाला चालत न्हाय का गं?" त्यावर आई म्हणाली होती, "गप काम कर." जगातल्या सगळ्यांची तिनं उलटतपासणी घेतली होती आणि शेजारी बसलेल्या पोरीला एक प्रश्न केला नव्हता.

म्हस्कू त्याच बाभळीखाली होता. "गावली का शेळी?"

"न्हवतीच हरवली."

"मला ठावं हाय."

"मग पोराचं झालेलं का सांगितलं न्हाय तुमी?"

म्हस्कूनं बसल्या जागी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या सरकवला. "परक्या बाईला कशाला सांगू? हिकडनं तिकडं बोलणं जातं आन् पोराला कोण पोरगी देत न्हाय. तुमी तर खोटं बोलून इचारत व्हता."

आई पाणी प्याली.

दिवस मावळायच्या आत ती घरी आली. मी पीठ मळत होते, दिपाली चुलीपुढं होती. आई ओट्यावर बसली, पायातले काटे काढत म्हणाली, "तुला त्याचा हात म्हाईत व्हता?"

दिपालीच्या हातातली फुंकणी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली; हाताचं तिनं मला सांगितलं होतं, पण मी खरंच काही बोलले नव्हते.

"व्हय," ती म्हणाली.

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"तू मोडलं असतंस."

आई परत तळव्यातला काटा शोधायला लागली.

"तुजा कुणावरच भरवसा न्हाय, आई. खरं बोलणाऱ्यावरबी न्हाय. त्यानं मला आपणहून दाखवलं. लपवलं असतं तर मीच न्हाय म्हणली असती."

मला वाटलं आता आई फुंकणी हिसकावून घेईल. तिनं काटा काढला, चुलीत टाकला आणि म्हणाली, "योगे, पाणी तापव. पाय शेकायचेत."

दोन दिवस ती दिपालीशी बोलली नाही. अण्णांना तिनं सगळं सांगितलं, नवसाच्या खोट्यासकट. अण्णा आधी सावळारामवर भडकले, कारण त्यालाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी आईनं त्याच सावळारामला बोलावून घेतलं. "गेणबाला म्हणावं, स्वतः ये. आमच्या भावकीपुढं बसून पोराचं काय ते तुज्या तोंडानं सांग. मग बघू."

गेणबा आला. लिंबाखाली आमची दहा-पंधरा माणसं बसली होती. त्याला बोलायला फार वेळ लागला. "पोराचा हात मशीनमधी गेला," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आमचे दोन चुलते तिथून उठून गेले. एक जण म्हणाला, "अशा पोराला कोण देतंय?" अण्णांनी आईकडं बघितलं. तिनं भांडं आपटलं नाही.

लग्न वैशाखात लागलं. आमच्या दारात, चांगल्या मांडवात. भटजींनी नवरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायला सांगितलं, तेव्हा मल्हारनं टॉवेल घेतला नव्हता. दिपालीनं तो उजवा हात दोन्ही हातांनी धरला. मागच्या बायका टाचा उंच करून बघायला लागल्या, कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं, कुणी शेजारणीला कोपर मारलं.

सगळे नवरानवरीकडं बघत होते. आई एकटी पाठ फिरवून त्या बायकांकडं बघत उभी होती, एकेकीच्या तोंडाकडं, न हलता. त्यातल्या तिघींना तिनं पुढं आमच्या घरच्या कुठल्याच कार्याला बोलावलं नाही. का, ते त्यांना अजून कळलेलं नाही.